‘पहिले आयक, मंग खोल’: अंगणात टर्बो गाडीची दुरुस्ती

चाळीसगाव सोडून कन्नडच्या घाटाला लागलो की माझी स्विफ्ट तिसऱ्या गिअरवर निवांत चढायची. एका उन्हाळ्यात ती तिसऱ्यावर मरायला लागली. दुसरा टाकला तरी मागे काळ्या धुराचा पट्टा, आणि कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक हॉर्न मारत पुढे. २०१३ची डिझेल गाडी, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. जळगावात एका गॅरेजमध्ये दाखवली. मिस्तरीने बोनेट उघडायच्या आधीच सांगून टाकलं, "टर्बो गेला. रिकंडिशन बसवू, अठरा हजार."

पैसे नव्हते म्हणून वाचलो. अमळनेरला मामांच्या शेजारी ट्रॅक्टरचं काम करणारे एक म्हातारे मिस्तरी आहेत. त्यांनी मला गाडीत बसवलं, रेस द्यायला सांगितली आणि स्वतः डोळे मिटून बंपरपाशी उभे राहिले. दोन मिनिटांनी म्हणाले, "टर्बो नही गया भाऊ. हवा भाईर चालनी." इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी पाईपला खालच्या बाजूने बोटभर चीर होती. नवीन पाईप हजाराच्या आत आला. मी पाना घेऊन आत हात घालायला लागलो तेव्हा त्यांनी मनगट धरलं. "पहिले आयक, मंग खोल."

घरी टर्बो गाडीवर काम करायला निघालेल्या नव्या माणसाला मला एवढंच सांगायचंय, की जी ताकद वाढवायला तुम्ही निघालात, तिच्यातली बरीचशी तुमच्याच गाडीतून गळून गेलेली असते. आधी ती परत आणा. रीमॅप (ताकदीसाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं), मोठा इंटरकूलर, फाटक्या आवाजाचा सायलेन्सर हे नंतर बघू.

उदाहरणं मी माझ्याच गाडीची देतोय, कारण ते इंजिन खान्देशात गल्लोगल्ली आहे. फियाटचं १,२४८ सीसीचं मल्टिजेट. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटांनी इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट. स्विफ्टमध्ये ७५ पीएस ताकद आणि २,००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर टॉर्क. एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक डिझेल स्विफ्ट आता जुनी झालेली आहे. तिच्या रबराचंही तेच वय. पेट्रोल टर्बो असेल, नेक्सॉन, व्हेन्यू, बलेनो आरएस, पोलो टीएसआय, तरी हवेचं आणि ऑइलचं गणित तेच. फक्त उष्णता जास्त, आणि पेट्रोलच्या लाईनला घरी हात लावायचा नाही.

टर्बो करतो काय

सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एका पंख्याला फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतो. दाबलेली हवा तापते, म्हणून वाटेत इंटरकूलर. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं. हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. एका बाजूला सातशे अंशांच्या वर गेलेला धूर, दुसऱ्या बाजूला हवा, मधे चमचाभर ऑइल. टर्बो सहसा आपण होऊन मरत नाही. ऑइल कमी पडून मरतो, धुळीने झिजून मरतो, किंवा आत काहीतरी घुसून मरतो. तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी मालकाच्या हातात आहेत.

जागा, वेळ, हत्यारं

सपाट कोबा किंवा फरशी हवी. काळ्या मातीच्या अंगणात जॅक लावू नका. वरून टणक दिसते, पण वजन आलं की जॅक एका अंगाला कलतो. गाडी उचलली की जॅक स्टँडवर टेकवायची, आणि टेकल्याशिवाय डोकंसुद्धा खाली घालायचं नाही. विटांचा थर लावणारे मी पाहिलेत. वीट दाबाने अचानक फुटते, कल्पना देऊन फुटत नाही.

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५च्या घरात असतो, तेव्हा काम पहाटे साडेपाचला सुरू करून नवाच्या आत आवरा. दहानंतर बोनेट हाताला चटका देतं आणि माणूस घाईत चुका करतो. लिंबाखाली सावली छान, पण मोहोर गळायच्या दिवसांत तिथे इनटेक उघडा ठेवू नका.

हत्यारं थोडी पण बरी घ्या. १०, १२, १४ आणि १७च्या गोट्या (सॉकेट) आणि रिंगपाने. इंजिन फियाटचं असल्याने १३चा पाना आणि एलन कीचा संचही लागतो, मारुतीवाले हेच विसरतात. पकड, लांब स्क्रू ड्रायव्हर, डोक्याला बांधायची बॅटरी, चष्मा, आणि जमलं तर टॉर्क पाना. जुनं घमेलं ऑइल झेलायला. एक वही. वही हत्यारांतच मोडते.

पायरी १: ऐका, बघा, लिहा

सकाळी गाडी थंड असताना कोणालातरी सुरू करायला लावा आणि तुम्ही बाहेर उभे राहा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत टायमिंग चेनच्या बाजूने खडखड आली आणि थांबली, तर चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलची वाट पाहतोय. या इंजिनात तो ऑइलच्या दाबावर चालतो. असा आवाज रोजचा असेल तर आधी त्याचं बघा, टर्बोचं नंतर.

मग धुराचा रंग. काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी: फिल्टर तुंबलाय, पाईप गळतोय किंवा ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) उघडा अडकलाय. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. तो टर्बोच्या सीलमधून येतोय की इंजिनातून, हे पुढे कळेल. थंडीत सकाळी पांढरा धूर आणि दोन-तीन सेल्फ लागत असतील तर ग्लो प्लग तपासा. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून चांगला मिस्तरी गाठा.

आवाजाचं तसंच. टर्बोची बारीक शिट्टी नॉर्मल आहे. रेस दिल्यावर ‘फुस्स’ किंवा सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा आवाज आला, तर गळती. ॲम्ब्युलन्सच्या सायरनसारखा चढत जाणारा आवाज आला तर पंखा घासत असण्याची शक्यता आहे. तेव्हा गाडी बंद करा, पुढे पळवू नका.

हे सगळं वहीत तारखेसह. "पिकअप कमी वाटतो" असं लिहू नका, त्याचा उपयोग नाही. "पाळधीच्या पुढे, तिसरा गिअर, २,००० आरपीएम, एसी चालू, काळा धूर" असं लिहा.

पायरी २: आकडे काढा

स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या आत ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं सॉकेट असतं. त्यात बसणारी ब्लूटूथ डब्बी ऑनलाइन स्वस्तात मिळते, मोबाइलवर ॲप टाकलं की झालं. दोन आकडे महत्त्वाचे.

पहिला, एमएपी, म्हणजे इनटेकमधला दाब. चावी ऑन, इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण २०९ मीटरवर, त्यामुळे इथे ९८च्या आसपास किलोपास्कल दिसायला हवं. ८० किंवा ११५ दाखवत असेल तर सेन्सरवरच शंका घ्या. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला १,५०० आरपीएमपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ३,००० पर्यंत न्या. मोबाइल शेजारच्याच्या हातात, तुमची नजर रस्त्यावर. निरोगी गाडीत आकडा जवळजवळ दुप्पट होतो, १९०-२००च्या पुढे जातो. माझा १४२ला अडकला होता. बऱ्याच ॲपमध्ये हा आकडा २५५च्या वर जातच नाही, त्या खान्याची मर्यादाच तेवढी आहे. तेव्हा रीमॅप केलेल्या गाडीत २५५ दिसलं म्हणून "मॅक्स बूस्ट" असं स्टेटस ठेवू नका.

दुसरा, चेक इंजिनचे कोड. पी-०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी, पी-०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी, पी-०१०१ म्हणजे हवा मोजणाऱ्या सेन्सरची गडबड, पी-०२३४ म्हणजे दाब जास्त. कोड आजार सांगत नाही, कुठे दुखतंय तेवढं सांगतो. पी-०२९९ दिसला की टर्बो बदलायला सांगणाऱ्याला एवढंच विचारा: "पाईप तपासला का?"

कोड पुसून टाकण्याआधी वहीत उतरवून घ्या. मी एकदा आधी पुसला, आणि मग पुढचे तीन आठवडे तो परत येण्याची वाट बघत बसलो.

पायरी ३: हवेची गळती

हे काम या लेखाचा जीव आहे. खर्च सगळ्यात कमी आणि फायदा सगळ्यात जास्त.

इंजिन थंड असताना टर्बोपासून इंटरकूलरला जाणारा आणि इंटरकूलरपासून इंजिनात शिरणारा, दोन्ही पाईप सगळीकडून हाताने चाचपा. खालची बाजू दिसत नाही, म्हणून बोटांनीच बघायची. जिथे ऑइलचा चिकटपणा आणि त्यावर धुळीचा लेप दिसेल तिथे थांबा. आतून हवेसोबत थोडी ऑइलची वाफ असतेच, ती फटीतून बाहेर येऊन धूळ धरते. गळतीची जागा काळी-चिकट असते ती यामुळे. रबर दाबून बघा. चांगलं रबर परत फुगतं, म्हातारं रबर सुरकुततं आणि सुरकुतीत बारीक भेगा दिसतात.

डोळ्यांना सापडलं नाही तर दाबाची चाचणी. ड्रिपच्या कोणत्याही दुकानात, आणि आपल्याकडे ती चहाच्या टपऱ्यांइतकी आहेत, पाईपच्या आतल्या मापात घट्ट बसतील असे पीव्हीसी पाईपचे वीतभर लांबीचे दोन तुकडे आणि दोन टोपणं घ्या. तुकडा एका बाजूने टोपण लावून सोल्युशनने चिकटवा, रात्रभर वाळू द्या. त्यातल्या एका टोपणाला साडेअकरा मिलिमीटरचं भोक पाडून ट्यूबलेस टायरचा साधा व्हॉल्व्ह ओढून बसवा. पंक्चरवाला देतो.

आता पाईप टर्बोकडून आणि इंजिनाकडून, दोन्ही टोकांना सोडवा. मधे राहिली ती पाईप-इंटरकूलर-पाईप अशी साखळी. दोन्ही टोकांना आपली बुचं घालून होज क्लिपने आवळा, वर सुतळीने गाडीच्या फ्रेमला बांधा, कारण दाबाने बूच सुटलं तर गोफणीतल्या दगडासारखं उडतं. टर्बोच्या आणि इंजिनाच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. त्या फडक्याला लाल दोरी बांधून ती बोनेटबाहेर लोंबती ठेवा. आत विसरलेलं फडकं नवाकोरा टर्बो पहिल्याच रेसला खातो.

टायर भरायचा छोटा कॉम्प्रेसर लावून ८ ते १० पीएसआय भरा, त्यावर एक सुद्धा नाही. पीव्हीसी पाण्यासाठी केलेलं असतं. कोंडलेल्या हवेने ते फुटलं तर काचेसारख्या कपच्या उडतात. म्हणून बुचांवर ओलं गोणपाट गुंडाळा, चष्मा घाला आणि बुचाच्या समोर उभे राहू नका.

मग फवाऱ्याच्या बाटलीत भांड्यांचा साबण कालवून सगळीकडे मारा. सांध्यांवर, क्लिपांखाली, इंटरकूलरच्या प्लास्टिकच्या टाकीला जिथे ॲल्युमिनियमचा कडा मुडपलाय तिथे. माझ्या दुसऱ्या वेळच्या गळतीत काहीच दिसेना, फक्त काटा हळूहळू उतरत होता. अंगणातला दिवा बंद करून बॅटरीचा झोत तिरपा धरला तेव्हा इंटरकूलरच्या डाव्या कोपऱ्यात, मोहरीएवढा एक बुडबुडा फुगायचा, फुटायचा, परत फुगायचा. दगड लागून आलेलं छिद्र. चौपदरीकरणाच्या काळात धुळे रस्त्यावर पुढच्या डंपरच्या मागे फार चिकटून चालवल्याचं ते बक्षीस.

रबरी पाईपला एमसील, सोल्युशन, ट्यूबची पट्टी यातलं काही लावू नका. घरी पोचण्यापुरतं चालेल, पण दाबाखाली पट्टीचा तुकडा सुटला तर तो इंजिनातच जातो. पाईप नवा. क्लिपही नवी, आणि ती पाईपच्या कडेपासून थोडी आत बसवा. पिळून पिळून आवळू नका, रबर क्लिपच्या खाचांतून बाहेर यायला लागलं की जास्त झालं. मूळ चीर कशाने पडली तेही शोधा. माझ्या पाईपला एका ब्रॅकेटची धार घासत होती, तिच्यावर उभा चिरलेला पाण्याच्या पाईपचा तुकडा चढवला. तीन वर्षं झाली, अजून आहे.

चाचणी संपली की आधी हवा सोडा, मग क्लिपा. फडकी मोजून बाहेर काढा.

फिल्टर आणि आपली धूळ

कंपनीच्या वेळापत्रकात एअर फिल्टरचं जे अंतर दिलंय ते शहरातल्या डांबरी रस्त्याचं समजा. मळणीच्या दिवसांत गाडी शेतापर्यंत जात असेल, किंवा जिनिंगच्या आवारात उभी राहत असेल, तर निम्म्या अंतरावर उघडून बघा. कापसाचा तंतू फिल्टरच्या घड्यांवर गादीसारखा बसतो. झटकायचा तर हलक्या हाताने. हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबाने, लांबून. कॉम्प्रेसरच्या झोताने कागदाला टाचणीएवढी भोकं पडतात, आणि त्यातून गेलेली माती टर्बोच्या पंख्याच्या कडा कानसेसारख्या घासते. फिल्टर महाग नाही. नवा टाका.

‘लाइफटाइम’ जाळीचे ऑइल लावलेले फिल्टर मला आपल्या भागात पटत नाहीत. ऑइल जास्त झालं तर हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या तारेवर जातं, कमी झालं तर बारीक माती आत. एमएएफ साफ करायचा असेल तर त्याचाच स्प्रे घ्या, वीतभर अंतरावरून मारा, तारेला बोट, काडी, कापूस काही लावू नका, पूर्ण वाळल्यावरच जोडा. मी पैसे वाचवायला कार्ब्युरेटर क्लीनर मारला होता. सेन्सर चमकला आणि मेला.

पायरी ४: ऑइल

टर्बोसाठी तुम्ही जे काही करू शकता त्यातली पहिली गोष्ट ही, आणि लोक नेमकी इथेच काटकसर करतात. ग्रेड मॅन्युअलमधली, माझ्या गाडीला ५डब्ल्यू-३०. "उन्हाळा आहे, जाड टाक" असं सांगणारे भेटतील. जाड ऑइल थंड सुरुवातीला टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, आणि चेनचा टेन्शनरही त्याच ऑइलवर जगतो. प्रमाण तीन लिटरच्या जवळपास, पण अंदाजाने ओतू नका, डिपस्टिक सांगेल तेवढंच. मी दर ७,५०० किलोमीटरला बदलतो. वर्षात तेवढी फिरली नाही तरी वर्षाला एकदा.

गाडी पाच-सात किलोमीटर चालवून आणा, दहा मिनिटं उभी करा. ऑइल कोमट हवं, उकळतं नको. गाडी स्टँडवर. वरचं झाकण सैल करा, खाली घमेलं, मग ड्रेनचा बोल्ट. शेवटचे आटे हाताने फिरवताना बोल्ट वरच्या बाजूला दाबून धरा आणि एकदम बाजूला काढा, नाहीतर कोपरापर्यंत अंघोळ. वीस मिनिटं निथळू द्या. बोल्टचा वॉशर नवा. आवळायचं माप मॅन्युअलमधून घ्या. सगळं अंग टाकून आवळणाऱ्यांनी किती सम्पांचे (खालच्या ऑइलच्या टाकीचे) आटे खाल्ले असतील याची गणती नाही. फिल्टर बदला, त्याच्या रबरी रिंगला नवं ऑइल पुसून लावा, जुनी रिंग वर चिकटून राहिली नाही ना ते बोटाने बघा.

जुनं ऑइल घमेल्यात चमकलं तर थांबा. बोट बुडवून उन्हात धरा. जरीसारखे कण दिसले तर कुठलंतरी बेअरिंग झिजतंय. डिझेलच्या गाडीत ऑइल काळं असणं मात्र नॉर्मल आहे, नवीन टाकून दोन दिवसांत काळं पडतं, त्याने घाबरू नका.

ओतलं, मोजलं, सुरू केलं की ऑइलचा दिवा विझेपर्यंत आणि नंतर अर्धा मिनिट ॲक्सिलरेटरला पाय नाही. फिल्टर रिकामा आहे, टर्बोपर्यंत ऑइल पोचायला वेळ लागतो. जळकं ऑइल कॅनमध्ये भरून ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या. बांधावर, नाल्यात, वाळवीवर नको. आमच्याकडे वाळवीवर ओतायची रीत आहे हे माहीत आहे, पण त्याच बांधापलीकडे विहीर असते.

पायरी ५: टर्बोला हात लावायची वेळ

वरचं सगळं करूनही दाब चढत नसेल तर आता बघा. इंजिन पूर्ण थंड. एअर फिल्टरकडून टर्बोत शिरणारा पाईप काढा, आत लहान पंखा दिसेल. बोटाने हळू फिरवा: लोण्यासारखा फिरायला हवा. वर-खाली हलवा: किंचित खेळ असतो, कारण तो ऑइलच्या थरावर बसलेला आहे आणि आत्ता तिथे थर नाही. पण हलवताना पात्याचं टोक भिंतीला टेकलं तर संपलं. मग आत-बाहेर ओढून बघा: तिथे बोटाला जाणवेल असा खेळ नको. पात्यांच्या कडा बघा. तुटलेली, वाकलेली किंवा ब्लेडने खरवडल्यासारखी कड असेल तर त्याचं उत्तर फिल्टरच्या डब्यात आहे.

पाईपच्या आत ऑइलचा पातळ थर चालतो. इंटरकूलर उलटा केल्यावर वाटीभर ऑइल निघालं तर नाही चालत.

टर्बो बदलायची वेळ आलीच, तर पहिल्यांदा स्वतः करू नका. जाणत्याकडे द्या, पण शेजारी उभे राहा आणि चार गोष्टी करून घ्या. ऑइल आणणारी बारीक नळी नवी घ्या किंवा आतून खरोखर साफ झालीय हे दाखवायला सांगा, कारण जुना टर्बो बऱ्याचदा तिच्यातल्या जळलेल्या कोळशानेच मेलेला असतो. परत जाणारी नळी मोकळी आहे ना बघा. इंटरकूलर धुवून घ्या, जुन्या पंख्याचे तुकडे तिथे लपतात. आणि नळी जोडण्याआधी नव्या टर्बोच्या तोंडात ऑइल ओतून पंखा हाताने फिरवून घ्या. या चार गोष्टी टाळून बसवलेला नवा टर्बो महिनाभरात परत शिट्टी वाजवतो, आणि दोष टर्बोला मिळतो.

इंजेक्टरच्या लोखंडी नळ्यांना घरी हात नाही. इंजिन चालू असताना त्यात १,४०० ते १,६०० बारपर्यंत दाब असतो. टायरमध्ये तो सव्वादोन बारच्या आसपास. ‘कुठला इंजेक्टर चालत नाही’ हे बघायला जुन्या ट्रॅक्टरवर नट सैल करायची पद्धत होती, ती इथे केली तर डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि बोट काढायची वेळ येते. तसं झालंच तर मलम न लावता त्याच मिनिटाला सिव्हिल हॉस्पिटल गाठा.

डिझेल फिल्टरमधलं पाणी पावसाळ्यात दोनदा काढा. ईजीआर काढून साफ करता येतो, गॅस्केट नवं घ्या. त्याला पत्रा लावून कायमचा बंद करणारे पुष्कळ आहेत. तो धुरावर नियंत्रण ठेवायचा भाग आहे, आणि तो बंद करणं कायद्यात बसत नाही.

आता मॉडिफिकेशन

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातली माहिती आणि कंपनीचं मूळ स्वरूप यांच्याशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. एमएच-१८, एमएच-१९ असो की एमएच-३९, नियम तोच. इन्शुरन्सवाल्याला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो, ते वेगळं.

रीमॅपबद्दल माझं मत थोडं कडू आहे. या इंजिनात कागदावर २०-२५ पीएस वाढतात, नाकारत नाही. पण फाटक्या पाईपवर, मळक्या फिल्टरवर, दीड लाख किलोमीटर झालेल्या क्लचवर रीमॅप करणारे मी चार जण बघितले. चौघांचा क्लच आधी गेला. धूर वाढला तर पीयूसीला अडतो. गाडी मूळ आकड्यावर आणून एक वर्ष चालवा, तेवढ्यात निम्म्यांची हौस फिटते.

पैसे खर्च करायचेच असतील तर ब्रेकवर करा. चांगले पॅड आणि दर दोन वर्षांनी ताजं ब्रेक ऑइल. मग टायर: स्विफ्टच्या व्हीडीआय मॉडेलला १६५/८० आर१४ येतो, वरच्या झेडडीआयला १८५/६५ आर१५. दोन्हींच्या उंचीत अवघा दोन मिलिमीटरचा फरक, त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेलं माप म्हणून मी १५चं घेतलं, आधी आरटीओत आणि इन्शुरन्सला विचारून. घाटातल्या वळणावर जो फरक पडला तो कुठल्याही चिपने पडला नसता. यापुढे १७ इंची चाकं म्हणजे खड्ड्यात रिम वाकवायची सोय.

घाटाची परीक्षा

काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, तशाच हवामानात परत आकडे घ्या. मी कन्नड घाट वापरतो, धुळ्याच्या मंडळींना लळिंग आहे, शहाद्याकडच्यांना तोरणमाळ, आणि तिथला चढ भल्याभल्या इंटरकूलरचा घाम काढतो. पहाटे जा, गर्दी नसते. कूलंट घरूनच थंड इंजिनात बघून निघा. गरम रेडिएटरचं झाकण वर पोचून उघडू नका, कितीही उत्सुकता असली तरी.

चढ संपला की चावी लगेच फिरवायची नाही. मिनिट-दीड मिनिट आयडलला राहू द्या. तापलेल्या टर्बोतलं ऑइल जागच्या जागी थांबलं की जळून त्याचा कोळसा होतो, आणि तोच पुढे त्या बारीक नळीत अडकतो. मग बोनेट उघडून नव्या सांध्यांकडे नुसतं बघा. ओल नाही, काळं नाही, क्लिप जागेवर.

माझ्या वहीत त्या दिवशीची ओळ अशी आहे: "कन्नड घाट, सकाळी ६:४०, तिसरा गिअर, एसी बंद, एमएपी २०४, धूर नाही." तिच्या वरच्या ओळीत १४२ लिहिलंय. अमळनेरला जाऊन मिस्तरींना दोन्ही ओळी दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून वही लांब धरली, आकडे वाचले, आणि म्हणाले, "गाडी चालू कर, आयकू दे."